मर्यादापूर्वक : आमच्या बालवीर पथकाची हकीकत

पथकाच्या स्थापनेची तारीख, पथकनायकांची नामावळी, राज्य पुरस्कार व राष्ट्रपती पुरस्कार मिळविणाऱ्यांची यादी आणि वेळोवेळी शाळेस भेट देऊन गेलेल्या अधिकाऱ्यांचे अभिप्राय, हे सारे या स्मरणिकेच्या उत्तरार्धात समितीच्या चिटणिसांनी जुने दफ्तर चाळून परिश्रमपूर्वक दिलेले असल्यामुळे, तेच पुन्हा गद्यात ओवण्याचे प्रयोजन मला दिसत नाही. संस्थेचा इतिहास म्हणून जे छापले जाते ते बहुधा दफ्तरावरून लिहिलेले असते, आणि दफ्तरात मुलांची हजेरी, काठ्यांची संख्या व शिबिराचा जमाखर्च चढतो. पथक ज्याच्या आधारावर उभे असते ते त्यात क्वचितच चढते. आमच्या पथकाच्या बाबतीत तो आधार म्हणजे एक शब्द होता, असे मला उत्तरोत्तर वाटू लागले आहे. त्या शब्दापाशी येण्यासाठी मला जरा दूरच्या वाटेने यावे लागेल; वाचकांनी तेवढी सवलत द्यावी.

ही चळवळ ज्या गृहस्थाने काढली तो लष्करी पेशाचा, आणि त्या पेशाचा श्रीगणेशा त्याने आपल्याच देशात गिरवलेला. रॉबर्ट बेडन-पॉवेल १८७६ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, लखनौच्या छावणीत घोडदळाचा अंमलदार म्हणून दाखल झाला. पुढे मेरठ येथे रिसाल्याचा प्रमुख असताना, आपल्या शिपायांना माग काढण्याची, टेहळणीची आणि अनोळखी मुलखात एकट्याने निभावून नेण्याची जी तालीम त्याने दिली, तिच्यातूनच त्याचे १८९९ सालचे टेहळणीवरचे छोटेसे पुस्तक आकारास आले. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतील मॅफेकिंगला वेढा पडला, २१७ दिवस तो चालला, आणि त्या वेढ्यात निरोप पोहोचविण्याचे काम पोरांनी चोख केले, ही गोष्ट त्याच्या मनात घर करून राहिली. १९०७ च्या ऑगस्टमध्ये ब्राउनसी बेटावर वीसेक मुलांना घेऊन त्याने जे पहिले शिबिर भरवले, त्यात काही मुले बड्या घरची व खर्चिक शाळांतली, तर काही कामकऱ्यांची होती. दोघांना एकाच तंबूत झोपवले, हेच त्या शिबिरातले खरे धाडस. थाळीतल्या वस्तू क्षणभर पाहून त्या आठवून सांगण्याचा जो खेळ आमच्या मैदानावरही वर्षानुवर्षे चालला, त्याचे नाव किपलिंगच्या लाहोरी 'किम'वरून पडलेले, आणि मुलींच्या शाखेला 'गाइड' हे नाव मिळाले ते वायव्य सरहद्दीवरच्या 'गाइड्स' या हिंदी पलटणीवरून. म्हणजे बियाणे बरेचसे इथलेच होते.

परंतु १९०९ साली बंगलोरास पहिले पथक निघाले ते गोऱ्या मुलांसाठी, आणि त्यानंतर ठिकठिकाणी निघालेली पथकेही युरोपियन व अँग्लो-इंडियन मुलांपुरतीच राहिली. हिंदी मुलांना काठी, शिट्टी आणि कवाईत शिकवली तर ती मुले पुढे तिचा काय उपयोग करतील, याची धास्ती सरकारदरबारी होती, असे सांगतात. धास्ती अगदीच अनाठायी होती असे मी म्हणणार नाही. दरवाजा बंद दिसताच आपल्या लोकांनी शेजारी दुसरी घरे बांधली. शाहजहानपुरास श्रीराम वाजपेयी यांनी १९१३ साली स्वतःच्या हिमतीवर मुले जमवली, मद्रासेत डॉ. अ‍ॅनी बेझंट व जॉर्ज अरुंडेल यांनी हिंदी बालवीरांची निराळी संघटना काढली, आणि तीत मुले इंग्रजी टोपीऐवजी फेटा बांधीत. प्रयागास पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि वाजपेयी यांच्या प्रयत्नाने सेवा समितीची बालवीर संघटना उभी राहिली, जिने मेळ्याच्या गर्दीत यात्रेकरूंची सेवा करणे हेच आपले मुख्य काम मानले. आपल्याकडच्या वाचकाने एक धागा येथे ध्यानात ठेवावा : कुंझरू आणि वाजपेयी हे दोघेही नामदार गोखल्यांनी १९०५ साली पुण्यास स्थापिलेल्या भारत सेवक समाजाचे सभासद. तिकडे नागपुरास विव्हियन बोस, जे पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले, त्यांनी मध्य प्रांतात ही चळवळ अनेक वर्षे नेटाने वाढवली. १९२१ साली बेडन-पॉवेल स्वतः येऊन गेला, तेव्हा बेझंटबाईंची संघटना मूळ संघटनेत सामील झाली. प्रयागच्या मंडळींनी मात्र आपली चूल वेगळीच ठेवली.

आमचे गाव जिल्ह्याच्या दुष्काळी अंगाला, गर्भगिरीच्या डोंगरांच्या छायेत. पाटाच्या पाण्याची व साखर कारखान्यांची श्रीमंती उत्तरेकडच्या तालुक्यांची, आमच्या वाट्याला बाजरी, मठ आणि ऊसतोडीचे मुकादम. सतरा हजार चौरस किलोमीटरांचा, महाराष्ट्रातला सर्वांत विस्तीर्ण असा हा जिल्हा. नगर (सरकारी कागदावर आता अहिल्यानगर) ही त्याची छावणीची पेठ, जेथे पलटणीचे बिगूल आणि मिशनच्या शाळांच्या घंटा शंभर वर्षे एकमेकांशेजारी वाजत आल्या. तेव्हा खाकी चड्डी, गळपट्टा आणि शिट्टी ही सामग्री जिल्ह्याला अपरिचित नव्हती. अडचण होती ती प्रतिज्ञेची. ईश्वर आणि राजा यांच्याविषयी कर्तव्य बजावीन, असे मुलाने तीन बोटे वर करून म्हणायचे, आणि राजा म्हणजे विलायतेतला. आमचे स्काउट मास्तर सांगत की, त्यांच्या विद्यार्थिदशेत ज्या घरात 'केसरी' येई त्या घरचा मुलगा सहसा पथकात नसे, आणि ज्या घरी मामलेदाराची ऊठबस त्या घरचा हटकून असे. १९४२ च्या ऑगस्टमध्ये पंडित नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद आदी काँग्रेस कार्यकारिणीची मंडळी नगरच्या किल्ल्यात आणून कोंडली गेली, तेव्हा त्या किल्ल्याकडे तोंड करून राजनिष्ठेची प्रतिज्ञा म्हणणे पोरांनाही जड झाले असल्यास नवल नाही. त्याच्या आदल्याच वर्षी, जून १९४१ मध्ये, एस. एम. जोशी यांच्या नेतृत्वाखाली राष्ट्र सेवा दल उभे राहिले होते; रावसाहेब आणि अच्युतराव हे पटवर्धन बंधू तर नगरचेच. कवाईत तीच, खाकी तीच, गाणी वेगळी. मुले त्या मैदानावर गेली. आमच्या मास्तरांनीही बालवीराची शिट्टी खिशात ठेवून सेवा दलाच्या शाखेत संचलन केले होते, आणि ही गोष्ट ते पुष्कळ वर्षे कुणाला सांगत नसत.

आता त्या शब्दाकडे येतो. १९३७ च्या आरंभी दिल्लीस बालवीरांचा मोठा मेळावा भरला व त्यास वृद्ध बेडन-पॉवेल पत्नीसह उपस्थित राहिला. परत गेल्यावर मात्र त्याने असे काहीसे लिहिले की, 'ऑनर' या अर्थाचा शब्दच हिंदी लोकांच्या भाषेत नाही. त्यावर देशभर गहजब झाला, अनेकांनी राजीनामे दिले, आणि १९३८ साली हिंदुस्थान स्काउट असोसिएशन ही स्वतंत्र संघटना जन्मास आली. आमचे मास्तर ही हकीकत दर वर्षी नव्या तुकडीला सांगत, आणि मग फळ्यावर खडूने शब्द लिहीत जात : अब्रू, इभ्रत, इज्जत, इमान, मान, प्रतिष्ठा, लौकिक, बाणा, वचन, आण, शब्द, आणि शेवटी, मुले हसावीत म्हणून, नाक. "एवढे शब्द आहेत, आणि साहेबाला एकही सापडला नाही!" असे म्हणून ते हात झटकीत. त्या वेळी आम्हांला ते साहेबाच्या अज्ञानावर मारलेले कोरडे वाटत. पुढे मला त्यातली दुसरी बाजू दिसली. आमच्या गावात या डझनभर शब्दांपैकी जवळजवळ प्रत्येक शब्द 'लोक काय म्हणतील' याच्याशी बांधलेला आहे. अब्रू जाते ती चारचौघांत, नाक कापले जाते ते पेठेत, लौकिक असतो तो सोयऱ्याधायऱ्यांत. कोणी पाहत नसताना माणसाने जे राखायचे, त्याला या यादीत 'इमान' एवढाच शब्द उरतो, आणि तोही फारसीतून आलेला. म्हातारा चुकला होता यात शंका नाही, पण त्याने आमची दुखरी जागा नेमकी दाबली होती.

स्वातंत्र्यानंतर निरनिराळ्या चुली एक करण्याचे काम सुरू झाले, आणि ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काउट्स आणि गाइड्स ही एकच संघटना अस्तित्वात आली. १९५१ च्या १५ ऑगस्टला मुलींची संघटनाही तीत मिळाली. प्रतिज्ञेतला राजा गेला व देश आला. आणि 'ऑन माय ऑनर' या तीन शब्दांसाठी हिंदीतल्या प्रतिज्ञेत शब्द योजला गेला तो 'मर्यादापूर्वक'. हा शब्द कोणाला सुचला असेल तो असो, त्याची निवड मला अत्यंत मार्मिक वाटते, कारण अब्रू-इभ्रतीची सगळी रांग ओलांडून तो थेट स्वतःच स्वतःस घातलेल्या रेषेपाशी जातो.

मी १९६१ साली आठवीत पथकात दाखल झालो, तेव्हा हे मर्म मला कळण्याचे कारणच नव्हते. प्रतिज्ञा पाठ करून मैदानावर निळ्या ध्वजासमोर उभा असता, शेजारचा मुलगा मोठ्या निष्पाप आवाजात विचारता झाला, "मास्तर, मर्यादापूर्वक म्हणजे कुठवर?" मराठी मुलाला मर्यादा म्हणजे हद्द, बांध, वेस; त्याच्या दृष्टीने प्रश्न बिनतोड होता. मास्तर क्षणभर थांबले आणि म्हणाले, "ते तुझं तुला कळेल तोवर." हे उत्तर आहे की टाळाटाळ, याविषयी आमचे पुष्कळ दिवस एकमत होईना.

दाखल्यानंतर गाठी आल्या. रीफ नॉट, शीट बेंड, क्लोव्ह हिच, बोलाइन, अशी नावे मास्तर पुस्तकातून वाचीत आणि दोरीचे तुकडे आमच्या हाती देत. आणि येथे एक गंमत झाली, ती अशी की, पेठेतली आम्ही मुले नावे घोकत राहिलो, तर वस्तीवरून पायी येणारी मुले हात चालवून मोकळी झाली. क्लोव्ह हिच म्हणून जी गाठ आम्हांला दोन दिवस जमेना, ती त्यांतल्या एकाने खुंट्याला दोन वेढे टाकून पापणी लवते न लवते तोच घातली आणि म्हणाला, "मास्तर, ही तर आमची शेरडाच्या दाव्याची." त्याला कासरा, दावे, मोटेचा नाडा आणि सोंदूर यांच्या गाठी ठाऊक होत्या, ज्यांना पुस्तकात नावच नव्हते. मास्तरांनी त्याच दिवसापासून गाठींचा तास त्याच्याकडे सोपवला व स्वतः आमच्या रांगेत येऊन बसले. त्या काळी वस्तीवरचा मुलगा शाळेत मागच्या बाकावर बसे. आठवड्यातून एक तास तो पुढे आला, एवढे या पथकाने केले. ब्राउनसीच्या तंबूशी या तासाचे नाते आहे, असे मी मानतो.

शिबिरांविषयी फार लिहीत नाही. शिबिराच्या आठवणी ज्याच्या त्याला गोड असतात आणि ऐकणाऱ्याला कंटाळवाण्या. भंडारदऱ्याला १९२६ साली पुरे झालेले ते प्रचंड धरण पाहून दुष्काळी मुलखातली आमची मुले, जयजयकार करायचा सोडून, नुसती गप्प उभी राहिली, आणि कळसूबाईच्या १६४६ मीटर उंचीच्या शिखरावर पोहोचल्यावर आमच्यातल्या सर्वांत धिप्पाड मुलाला रडू आले, एवढे नमूद करतो. मढीच्या यात्रेचे मात्र सांगितले पाहिजे, कारण ते पथकाचे खरे कार्यक्षेत्र होते. होळीपासून पाडव्यापर्यंत कानिफनाथांच्या त्या गडावर भटक्या जमातींचे जथे देशभरातून उतरतात, गाढवांचा बाजार भरतो, रंगपंचमीला तर मुंगीला वाट मिळत नाही. पाण्याचे हंडे, चुकलेल्या मुलांची राहुटी आणि पायऱ्यांवरची एकेरी वाट, ही तीन कामे आमच्याकडे असत. राहुटीत आणलेले पोर आपले गाव सांगू शकत नसे, कारण त्याला गावच नसे. नाव सांगे, आणि गाढवाचा रंग सांगे. मग आम्ही त्या रंगाचे गाढव शोधीत पालापालांतून हिंडत असू. एकदा अशा एका पोराची आजी सापडली तेव्हा तिने आमच्या खाकीकडे पाहून प्रथम पोराला पाठीशी घातले. "शिपाई न्हायी आजी, शाळंतली पोरं हायेत," असे आमच्या संघनायकाने सांगूनही तिचा विश्वास बसेना. तिला खाकीचा आलेला अनुभव एकाच जातीचा होता. पुढे गणवेशाचा रंग बदलून करडा-निळा झाला, त्याची वरिष्ठांनी दिलेली कारणे काही असोत, मला ती म्हातारी आठवली.

पथकाच्या इतिहासातले सर्वांत महत्त्वाचे प्रकरण मी मानतो ते मात्र यात्रेत घडले नाही, एस.टी. स्टँडवर घडले. 'खरी कमाई' म्हणून बालवीरांचा एक उपक्रम असतो. मुलांनी अंगमेहनतीचे काही काम करून पैसा मिळवायचा व तो पथकाच्या खजिन्यात भरायचा. त्या वर्षी मास्तरांनी बूट-पॉलिश ठरवले. दोन दिवस आम्ही पंधरा मुले स्टँडच्या कट्ट्याशी डब्या आणि ब्रश घेऊन बसलो, आणि गावाला मोठे कौतुक वाटून, ज्यांच्या पायांत वहाणा होत्या तेही पुढे करू लागले. दुसऱ्या दिवशी दुपारी एका आडत्याने आपल्या चिरंजीवांना कोणाच्या तरी बुटावर वाकलेले पाहिले. तो तडक शाळेत आला आणि कचेरीच्या दारातूनच गरजला, "पोराला शिकायला धाडलं का मोची करायला? चार माणसांत आमची अब्रू घातलीत मास्तर!" मास्तरांनी त्याला पाणी दिले, खुर्ची दिली, आणि शांतपणे सांगितले की, उद्या मीही ब्रश घेऊन बसणार आहे, आपण आपले जोडे घेऊन यावे. आडत्या तणतणत गेला. आम्ही दाराआडून हे ऐकत होतो आणि आमची छाती फुगली होती.

तासाभराने दुसरी फिर्याद आली. स्टँडच्या कोपऱ्यात आपली पेटी मांडून बसणारा चांभार उन्हातून चालत आला होता, आणि तो दारातही उभा राहिला नाही, व्हरांड्याखालीच थांबला. "मास्तर, लेकरं गुणाची हायेत," तो म्हणाला, "पन दोन दिस झालं माझ्याकडं कोन फिरकंना. तुमची कमाई झाली, माझी भाकर ऱ्हायली." मास्तर उठून खाली त्याच्यापाशी गेले. काय बोलले ते ऐकू आले नाही. परत आले तेव्हा त्यांनी आम्हांला रांगेत उभे केले आणि विचारले की, ही कमाई खरी कोणाची? कोणी बोलले नाही. मग वस्तीवरचा तो गाठीवाला मुलगा पुढे झाला आणि त्याने खिशातली नाणी मेजावर ठेवली. त्याच्यामागून आम्ही ठेवली. पैसे मोजून मास्तर स्वतः स्टँडवर गेले. दुसऱ्या दिवसापासून पॉलिश बंद झाले, आणि त्यानंतर पथकाची खरी कमाई भुईमुगाच्या काढणीवर व बांधबंदिस्तीवर होऊ लागली, जेथे माणसे कमीच पडत. एकाच दुपारी दोन तक्रारी आल्या, एक अब्रूची आणि एक भाकरीची. पहिलीला मास्तरांनी पाणी पाजून वाटेला लावले, दुसरीपुढे ते पायरी उतरले. 'मर्यादापूर्वक म्हणजे कुठवर' याचे उत्तर मला त्या व्हरांड्यात मिळाले, असे मी समजतो.

पुढची हकीकत लवकर संपण्यासारखी आहे. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायच्या कामांवर सुकडी वाटताना रांगा सांभाळण्याचे काम पथकाने केले, आणि त्या रांगांत आमच्याच मुलांचे आईबाप उभे होते. एन.सी.सी.चा दिमाख वाढत गेला, तिकडे बंदूक होती, आमच्याकडे काठी. धिप्पाड मुले तिकडे गेली. मुलींचे पथक निघायला मात्र आम्ही फार उशीर लावला, आणि त्याला कारण अधिकाऱ्यांची परवानगी हे दफ्तरात लिहिले असले, तरी खरे कारण पेठेतली तीच अब्रू होती, हे येथे लिहून ठेवतो. अलीकडे दहावीच्या परीक्षेत या पुरस्कारांना सवलतीचे गुण मिळू लागल्यापासून पथकाचा पट भरून वाहतो आहे. गुणांसाठी आलेला मुलगा गाठी शिकतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. आम्हीही काही सेवेच्या ओढीने गेलो नव्हतो, शिट्टी मिळते म्हणून गेलो होतो.

मास्तरांचे नाव मी या लेखात घातले नाही, कारण तशी त्यांची ताकीद होती, आणि यादीत ते आहेच. एक विनंती आहे. त्या वर्षांची पथकाची रोजकीर्द, लाल कापडी बांधणीची, शाळेची जुनी इमारत उतरवली तेव्हापासून सापडत नाही. कोणा माजी विद्यार्थ्याच्या माळ्यावर असल्यास त्याने ती शाळेच्या कचेरीत आणून द्यावी. तीत खर्चाच्या बाजूस मास्तरांच्या हातची एक नोंद आहे : 'स्टँडवरील कारागीर यांस परत, रुपये सात, पैसे पन्नास.'